ऊनोदरी : ताटावरचे तप

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाची संहिता)



ज्ञाताधर्मकथांग सूत्राच्या दुसऱ्या अध्ययनात राजगृह नगरीतील एका व्यापाऱ्याची कथा आली आहे. धन्य सार्थवाह त्याचे नाव. त्याला व त्याची पत्नी भद्रा हिला पुष्कळ काळानंतर, नवसासायासाने एक पुत्र झाला. या देवदत्ताला अंगावरील दागिन्यांसाठी विजय नावाच्या चोराने पळवून नेले व ठार करून विहिरीत टाकले. चोर पकडला गेला. पुढे काही दिवसांनी खुद्द धन्य सार्थवाहाच्या हातून राज्याचा एक किरकोळ अपराध घडला आणि दैवगती अशी की, कारागृहात त्याला त्याच विजय चोराबरोबर एकाच खोड्यात अडकवण्यात आले. भद्रेने पंथक नावाच्या सेवकाबरोबर जेवणाचा डबा पाठवला. चोराने त्यातील वाटा मागितला. पुत्रघातक्याला घास द्यायचा? हे अन्न कावळ्या-कुत्र्यांना घालीन, पण तुला देणार नाही, असे सांगून सार्थवाह एकटाच जेवला. थोड्या वेळाने त्याला देहधर्मासाठी उठण्याची गरज भासली. खोडा एकच, चोर उठल्याशिवाय त्याला उठता येईना. चोर म्हणाला, जेवलास तू, तेव्हा जायचे तर तूच जा. अखेर नाइलाजाने सार्थवाहाने दुसऱ्या दिवसापासून चोराला वाटा देण्याचे कबूल केले. ही वार्ता पंथकाकडून भद्रेला कळली तेव्हा तिचा संताप झाला. सुटून घरी आलेल्या पतीकडे तिने पाहिलेही नाही. त्या वेळी सार्थवाहाने जे सांगितले त्याचा आशय असा की, चोराला मित्र म्हणून, आप्त म्हणून वा उपकार म्हणून अन्न दिलेले नाही. देहाची अडचण दूर व्हावी एवढ्यासाठीच दिले.

सूत्रकारांनी ही कथा साधूच्या आहाराला लावली आहे. शरीर हा तो चोर. त्याच्याबरोबर एकाच खोड्यात राहणे अटळ आहे. त्याला वाटा नाकारला तर ज्ञान-दर्शन-चारित्र्याची वाटचाल अडते. पण तो पाहुणा आहे असे समजून त्याला पंचपक्वान्ने वाढत बसावे, असेही सार्थवाहाने केले नाही. व्यापारी समाजाला ही कथा विशेष उमगावी, कारण तिच्यात भावनेपेक्षा हिशेब अधिक आहे. वाटा किती, कशासाठी आणि कोठवर, हाच तो हिशेब होय. संतुलित आहार या आजकालच्या शब्दाला जैन परंपरेत एक स्वतंत्र नाव आहे. ते म्हणजे ऊनोदरी.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा बाह्य तपे सांगितली आहेत : अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्तशय्यासन आणि कायक्लेश. अवमौदर्य म्हणजेच ऊनोदरी, पोट थोडे रिते ठेवणे. क्रमाने पाहिले तर सहापैकी चार तपांचा संबंध थेट आहाराशी येतो. त्यांत पहिल्या अनशनाला समाजात अपार मान आहे आणि तो योग्यच आहे. अठाई झाली की वरघोडा निघतो, पत्रिका छापल्या जातात, तपस्व्याचे छायाचित्र वृत्तपत्रात येते. ऊनोदरी करणाऱ्याचा वरघोडा कधी कोणी काढला आहे काय? भूक असताना अर्धी भाकरी बाजूला ठेवून उठणाऱ्याची अनुमोदना कोण करणार? ते कोणाला दिसतच नाही. वास्तविक अनशन वर्षातून काही दिवस होते. ऊनोदरी मात्र दररोज, प्रत्येक जेवणात करता येते आणि तिला पारणे लागत नाही.

आगमांनी या तपाचे माप अतिशय बारकाईने दिले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा, स्त्रीचा अठ्ठावीस घासांचा. आठ घास घेणे हा अल्पाहार, बारा घास म्हणजे निम्म्याहून कमी, सोळा म्हणजे अर्धा, चोवीस म्हणजे पाऊण, आणि एकतीस घासांवर थांबणे म्हणजे किंचित ऊनोदरी. बत्तीसपैकी एकच घास कमी घेतला तरी तप घडले, असे म्हणणारा हा धर्म व्यवहाराला किती धरून आहे, हे लक्षात यावे. घास केवढा धरायचा, याविषयीही विचार झालेला आहे. टीकाकारांनी ज्याचा त्याचा आहार हेच प्रमाण मानून त्याचा बत्तिसावा भाग म्हणजे एक घास, असाही अर्थ केला आहे. म्हणजे हमालाचे बत्तीस घास वेगळे आणि गादीवर बसणाऱ्या अडत्याचे वेगळे. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर दीर्घायुषी वृद्धांची संख्या मोठी असल्याने तेथील आहाराचा जगभर अभ्यास झाला. त्या बेटावरील जुनी पिढी दहांपैकी आठ भाग पोट भरले की थांबण्याचा नियम पाळीत असे. बत्तीसांतील चोवीस आणि दहांतील आठ, यांत अंतर फार नाही.

बीड जिल्ह्याच्या भूमीने या तपाला पूर्वी आपोआप साथ दिली. येथील बहुतेक ओसवाल घराणी व्यापाराच्या निमित्ताने राजस्थानातून, निजामाच्या राजवटीत किंवा त्याही आधी, बालाघाटच्या पायथ्याशी व गोदाकाठी येऊन स्थिरावली. सैतवाल आदी दिगंबर समाज तर मराठवाड्यात त्याहून जुना. मारवाडातून आलेली स्वयंपाकघरे वाळवंटाची होती. जेथे हिरवी भाजी दुर्मिळ तेथे केर-सांगरी, गट्टे, मंगोडी, पापडाची भाजी, दाणामेथी यांवर जेवण उभे राहिले. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या श्रावकांना ही सारी व्यंजने फार उपयोगाची ठरली. कारण हरभरा, मूग, मोठ यांच्या रूपाने भाजीची जागा डाळीने घेतली. या मातीत आल्यावर त्यात ज्वारीची भाकरी, करडईचे तेल, जवस आणि कारळाची चटणी, अंबाडी, चाकवत, तांदुळजा यांची भर पडली. मारवाडची डाळ आणि मराठवाड्याचा शाळू यांच्या या सोयरिकीतून जे ताट तयार झाले, त्याहून समतोल ताट आहारशास्त्राचा पदवीधरही सहसा सुचवणार नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत जे कमी ते धान्यात असते. आजीला हे शब्द ठाऊक नव्हते. पण भाकरीबरोबर वरण, पिठले किंवा कढी हवीच, हे तिला ठाऊक होते.

मग या ताटाला धक्का कधी बसला? १९७२ च्या दुष्काळाचा उल्लेख येथे टाळता येत नाही. लागोपाठच्या अवर्षणाने जोंधळ्याची कणगी रिती झाली. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर घ्यावी लागली आणि दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. त्या पिढीने अन्नाचा कण वाया जाऊ दिला नाही, परंतु आपल्या मुलांनी पुन्हा तसे दिवस पाहू नयेत, ही इच्छाही त्याच पिढीने उराशी बाळगली. ती इच्छा स्वाभाविक होती. हाती पैसा आला तेव्हा तिने भाकरीच्या जागी चपाती, चपातीवर तुपाची धार, सकाळी चहाबरोबर बिस्किटे, दुपारी फरसाण आणि दर पाहुण्यामागे मिठाई असे रूप घेतले. ज्वारी हे गरिबाचे धान्य ठरले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांतील मोठ्या दुकानांत ज्वारीचे पीठ आकर्षक वेष्टनांत मांडले गेले. बीडच्या मोंढ्यात पोत्यांनी ज्वारी विकणाऱ्या घरांतील कित्येक मुलांना मात्र तोवर भाकरी थापतात कशी, हे पाहायलाही मिळाले नव्हते.

परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मद्य-मांसापासून दूर राहणाऱ्या समाजाला हा रोग होणार नाही, अशी एक समजूत आहे. ती साफ खोटी आहे. साखरेला, मैद्याला आणि तळणाच्या तेलाला हिंसेचा दोष लागत नसेल, पण स्वादुपिंडाला तो भेद कळत नाही. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. तो पथ्याचा असल्याचे सांगत नाही.

येथे व्यापाऱ्याला सोपा जाईल असा एक मार्ग आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बैठे काम करणाऱ्या प्रौढास रोज दोन हजार किलोकॅलरी धरून तिने साधारण २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण सांगितले आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमहून अधिक नको आणि साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. ताटातला पदार्थ कोणी तोलून खात नाही. पण किराण्याची यादी प्रत्येक घरात असते. चार प्रौढांच्या कुटुंबाचा तीस दिवसांचा हिशेब मांडला तर धान्य ३० किलो, डाळी १० किलोच्या थोड्या वर, तेल व तूप मिळून सव्वातीन किलो, साखर ३ किलो आणि मीठ अवघे ६०० ग्रॅम होते. आता प्रत्येक गृहिणीने मागील महिन्याची यादी पुढे घ्यावी. तेलाचा पंधरा किलोचा डबा किती दिवस पुरला? हिशेबाप्रमाणे तो साडेचार महिने पुरायला हवा. साखर किती आली, आणि त्याशिवाय मिठाईच्या दुकानातून, भेटीच्या खोक्यांतून किती आली? डाळी दहा किलो आल्या काय? बहुतेक घरांत तेल व साखर जमेकडे आणि डाळ-भाजी नावे निघेल. पन्नास वर्षांचे ताळेबंद चोख ठेवणाऱ्या समाजाला ही एक चोपडी ठेवणे अवघड नाही.

मिठाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. तिथीला हिरवी भाजी नाही, कंदमूळ तर नाहीच. मग ताटाची डावी बाजू भरते कशाने? पापड, लोणचे, खारवलेल्या मिरच्या, शेव. जेवण कोरडे पण खारट होते. रक्तदाबाच्या रुग्णाने अष्टमी-चतुर्दशीला मुगाचे वरण, गट्ट्याची कमी तेलाची भाजी, वाळवलेली मेथी, कढी यांवर भर दिला तर नियमही पाळला जाईल आणि मीठही आटोक्यात राहील. डाळीचे पीठ कच्च्या दह्यात न मिसळता दही तापवूनच कढी करण्याचा द्विदलाचा नियम अनेक घरे कटाक्षाने पाळतात, त्याला यामुळे बाध येत नाही.

आहाराच्या वेळेकडे वळले की जैन परंपरेचे श्रीमंतपण दिसते. बीडमध्ये डिसेंबरात सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो व सुमारे सातला उगवतो. चौविहार करून दुसऱ्या दिवशी नवकारसी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, तोंड उघडणाऱ्या श्रावकाच्या पोटाला जवळजवळ चौदा तासांची विश्रांती मिळते. जूनमध्ये ती साडेअकरा तासांवर येते. शरीरातील जैविक घड्याळाच्या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री उशिरा घेतलेल्या अन्नातील साखर शरीर दिवसाइतक्या तत्परतेने हाताळू शकत नाही, हे त्यापुढील अभ्यासांतून दिसून आले आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमाला त्यातून दुजोरा मिळतो, हे खरे.

तथापि विज्ञानाच्या प्रमाणपत्रांचा मोह आवरलेला बरा. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना पेशींच्या स्वभक्षण-प्रक्रियेवरील संशोधनासाठी २०१६ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हापासून उपवासाला नोबेल मिळाल्याचे संदेश भ्रमणध्वनीवरून फिरत आहेत. ओसुमी यांचे मूळ काम किण्वाच्या म्हणजे यीस्टच्या पेशींवरचे आहे. त्यांनी अठाईची शिफारस केलेली नाही. निर्जरेसाठी केलेल्या तपाला कोणत्याही पारितोषिकाच्या टेकूची गरज नसते, आणि वजन घटवण्यासाठी केलेल्या उपवासाला तप म्हणण्याचे कारण नाही.

आपल्या शेजारच्या लातूरचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून दोन वेळा जेवणाच्या पद्धतीचा महाराष्ट्रभर प्रसार केला. कडक भूक लागेल त्या दोन वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपावे, मधल्या वेळात काही खाऊ नये आणि रोज चालावे, असे त्यांच्या सांगण्याचे सार आहे. श्रावकांना हे ऐकून बियासणे आठवले असेल. दिवसातून दोनच वेळा, एका जागी बसून जेवण्याचे पच्चक्खाण कित्येक श्राविका वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत. मात्र एक भेद ध्यानात घ्यावा. दीक्षितांच्या सांगण्यात गोड खाणे टाळणे किंवा कमीत कमी ठेवणे हेही येते. बियासण्याच्या दोन बैठकांत शिरा, बर्फी, तळलेली पुरी आणि वर गोड दूध घेतले तर पच्चक्खाण मोडत नाही. रक्तातील साखर मात्र चढते. सर्वच आहारतज्ज्ञांना दोन जेवणांची पद्धत मान्य आहे, असेही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गर्भवतींनी व वाढत्या वयाच्या मुलांनी ती परस्पर स्वीकारू नये, याविषयी मात्र दुमत नसावे.

व्यापाऱ्याची खरी अडचण निराळीच आहे. दुकान रात्री आठ-नऊपर्यंत उघडे. दुपारचे जेवण तीनला, संध्याकाळी चौविहार साधायचा तर घाईत काहीतरी, आणि न साधला तर रात्री दहाला पोटभर. पूर्वी अनेक पेढ्यांवर सूर्यास्तापूर्वी घरून डबा येत असे, व जेवण गादीच्या मागील खोलीत होई. ही प्रथा गेली, त्याबरोबर वेळेची शिस्तही गेली. ती परत आणण्यास खर्च काहीच नाही. दुपारचे जेवण बारा-साडेबाराला आणले तर सायंकाळी पाऊण आहार सहज पुरेसा होतो.

ज्ञाताधर्मकथांगाच्या शेवटच्या, एकोणिसाव्या अध्ययनाकडे आता लक्ष वेधावेसे वाटते. पुंडरीक आणि कंडरीक हे दोघे राजपुत्र, सख्खे भाऊ. कंडरीकाने दीक्षा घेतली. रुक्ष आहाराने त्याची प्रकृती बिघडली, तेव्हा राजा झालेल्या पुंडरीकाने आपल्या नगरीत त्याच्यावर उपचार करविले. प्रकृती सुधारली, पण उपचारात मिळालेल्या स्निग्ध, रुचकर अन्नाचीच त्याला आसक्ती जडली आणि अखेर त्याने मुनिवेष सोडला. पुंडरीकाने राज्य त्याच्या हाती दिले व स्वतः दीक्षा घेतली. सिंहासनावर बसलेल्या कंडरीकाने भरपेट मिष्टान्न खाल्ले. ते पचले नाही. तीव्र वेदनेत त्याचा अंत झाला आणि तो सातव्या नरकात गेला. तिकडे पुंडरीक मुनींनाही थंड, रुक्ष अन्न सोसले नाही. त्यांचाही देह पडला, पण समाधिभावाने; ते सर्वार्थसिद्ध विमानात उत्पन्न झाले.

ही कथा व्याख्यानांतून आसक्तीच्या परिणामासाठी सांगितली जाते. तिच्यातील दुसरा तपशील सहसा कोणी उच्चारत नाही. भाव कितीही निर्मळ असो वा मलिन, जठराची मर्यादा दोघा भावांना सारखीच होती. पोटाला जे पचत नाही ते न पचण्यात पुण्यवान व पापी असा भेद राहत नाही. दीर्घ तपानंतरच्या पारण्याचा विचार या प्रकाशात करावा. आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर राहिलेल्या आतड्यांसमोर पहिल्या तासातच केशरी दूध, बदामाचा शिरा आणि आग्रहाचे पेढे ठेवणे म्हणजे सुखसाता विचारणे नव्हे. जुन्या श्राविका पारण्याला मुगाचे पातळ पाणी, सुंठ घातलेली राब, मग मऊ खिचडी अशा पायऱ्यांनी दोन-तीन दिवस नेत असत. वैद्यकशास्त्रही दीर्घ उपवासानंतर अन्न थोडे थोडे वाढवावे, असेच सांगते. एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन ढळून जिवावर बेतू शकते. वर्षीतपाचे पारणे अक्षयतृतीयेला भगवान ऋषभदेवांच्या स्मरणार्थ उसाच्या रसाने होते. ज्या जिल्ह्यातील लक्षावधी हात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, तेथे या रसाचे मोल वेगळे सांगायला नको. त्याच कारणाने तो अंजलीभर घ्यावा. मधुमेही तपस्व्याने तर प्रतीकमात्रच घ्यावा.

आयंबिलाची ओळी हा या परंपरेतील सर्वांत दूरदृष्टीचा प्रयोग म्हणावा लागेल. चैत्र व आश्विन, ऋतू पालटण्याच्या दोन्ही वेळा. नऊ दिवस, दिवसातून एकदा, दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहाही विगयांवाचून. जिभेला बिनतेलाच्या, बिनसाखरेच्या अन्नाची चव पुन्हा कळावी, यासाठी याहून चांगली शाळा नाही. दुर्दैवाने आयंबिल शाळांतूनही आता इडली, ढोकळा, डोसा अशा प्रकारांची चढाओढ दिसू लागली आहे. पदार्थ नियमात बसतात, पण रसपरित्याग कोठे उरतो? ओळीच्या नऊ दिवसांत साधी ज्वारीची भाकरी व मुगाचे वरण ठेवणारी आयंबिल शाळा अधिक अनुमोदनीय मानली पाहिजे.

स्त्रियांच्या आहाराचा प्रश्न समाजाने फार काळ दृष्टीआड केला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास होते. आधीच्या फेरीपेक्षा ते वाढलेलेच आहे. जैन घरांतील तपस्येचा मोठा भार श्राविकाच उचलतात, घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खातातही त्याच. अशक्त मुलीने मैत्रिणींच्या बरोबरीने अठाई उचलली की घरातील सारे हर्षभरित होतात. तिचे हिमोग्लोबिन किती आहे, हे कोणी विचारत नाही. बाजरी, अळीव, हिरव्या पालेभाज्या, डाळी यांतून लोह मिळते. त्यासोबत लिंबू घेतल्यास ते अधिक शोषले जाते आणि जेवणावर लगेच चहा घेतल्यास कमी शोषले जाते. जेवणानंतरचा चहा तासाभराने पुढे ढकलणे हा एवढासा बदल कित्येक घरांत औषधाच्या बाटलीइतका उपयोगी पडेल.

जीवनसत्त्व ब-१२ विषयीही मोकळेपणाने बोलावे. ते वनस्पतीत मिळत नाही. शाकाहारी माणसाला त्याचा आधार म्हणजे दूध, दही, ताक, पनीर. शरीरात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव हळूहळू येते : थकवा, हातापायांना मुंग्या, विस्मरण. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ती अधिक आढळते. ज्यांनी विगयत्यागाचे दीर्घ नियम घेतले आहेत त्यांनी, आणि साठी ओलांडलेल्या सर्वांनी, रक्ततपासणी करून घेण्यात कमीपणा मानू नये. शाकाहाराचे समर्थन करताना त्यातील ही एक फट झाकून ठेवण्याने शाकाहाराचे भले होत नाही.

राहिला प्रश्न संघाच्या पंगतीचा. स्वामीवात्सल्य आणि गौतमप्रसादी यांत साधर्मिकाला आदराने जेवू घालण्याचा भाव आहे. लाभार्थी कुटुंबाची प्रतिष्ठा पदार्थांच्या संख्येवर मोजली जाऊ लागली, तेव्हा त्या भावात स्पर्धा शिरली. बीड जिल्ह्याचे सुपुत्र शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने साध्या व सामूहिक विवाहांचा पुरस्कार केला, त्यामागे हीच व्यथा होती. अनेक ठिकाणच्या संघांनी लग्नातील पदार्थांच्या संख्येवर मर्यादा घालणारे ठराव केले. त्यांतील किती पाळले गेले, हे उपस्थितांना ठाऊक आहे. ठराव इतरांच्या लग्नासाठी असतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे. म्हणून आरंभ ट्रस्टच्या स्वतःच्या पंगतीपासून व्हावा. एक गोड, एक तळण, दोन भाज्या, डाळ किंवा कढी, भाकरी व चपाती दोन्ही, आणि ताक. वाढणाऱ्याने आग्रह न करता विचारावे. प्रभावनेत साखरेच्या पुड्या व पेढ्यांऐवजी किलोभर ज्वारी, मूग, किंवा मोसमात बालाघाटच्या डोंगरातील सीताफळे द्यावीत. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते धारूरच्या शेतकऱ्याकडून घेतले तर प्रभावनेचा लाभ दोन घरी पोहोचेल. वसतिगृहांतील मुलांच्या ताटाकडेही याच दृष्टीने पाहावे. कड्याला आचार्य अमोलकऋषिजी महाराजांच्या नावाने शिक्षणसंस्था उभी आहे. बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद करून सार्थवाहाची आणि कंडरीकाची कथा सामान्य श्रावकाच्या हाती देणारे ते आचार्य होत. त्यांचे नाव घेणाऱ्या प्रदेशातील विद्यार्थ्याला सकाळी बिस्किटाच्या पुड्याऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि पेलाभर दूध मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

शेवटी एक सूचना, ट्रस्टच्या विचारार्थ. दरवर्षी चातुर्मास प्रारंभ होण्यापूर्वी, आषाढ शुद्ध पक्षात, स्थानकात एक दिवसाचे तपासणी शिबिर भरवावे. वजन, रक्तदाब, रक्तातील साखर व हिमोग्लोबिन एवढ्या चारच गोष्टी तपासाव्यात. दीर्घ तप करू इच्छिणाऱ्याने तो कागद आपल्या वैद्याला दाखवावा. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने उपवासात त्या तशाच चालू ठेवल्यास साखर एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते, तेव्हा मात्रेचा निर्णय त्यानेच करावा. ज्याला वैद्य अनशनास नकार देईल, त्याच्यासाठी पच्चक्खाणाच्या वहीत आणखी एक रकाना आखून ठेवावा : चोवीस घासांची ऊनोदरी, चार महिने. चातुर्मासाच्या सांगतेला तपस्व्यांची नावे वाचली जातात, त्या वेळी अठाई व मासखमणाच्या यादीनंतर या रकान्यातील नावेही त्याच आवाजात वाचली जावीत.